चौथा पडत नसेल, तर आधी पेटी उघडू नका

रोहिणखेड अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याला आहे. वर घाटावरचा बुलढाणा, खाली मलकापूर-नांदुऱ्याकडे पसरलेला पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट मुलूख. खानदेशातून वऱ्हाडात चढायची वाट इथली, म्हणून १४३७ मध्ये बहामनी आणि फारुकी फौजा याच गावाजवळ भिडल्या. आज या चढाची परीक्षा गाड्या देतात. मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्याला जाणे आणि उलट दिशेला मलकापूरच्या सपाट रस्त्याला लागणे, हे इथल्या कितीतरी लोकांचे नेहमीचे जाणे-येणे आहे. जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा ओव्हरड्राइव्ह खरोखर बिघडला आहे का, हे ठरवायला घाट आणि सपाटी इतक्या जवळ असलेली जागा फार उपयोगाची. निम्मे गैरसमजही याच दोन रस्त्यांच्या फरकातून होतात.

पुण्या-मुंबईत दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता आपल्याकडे सेकंडहँड येऊ लागल्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी किंवा नव्याने गाडी शिकणाऱ्यांसाठी त्या सोयीच्या असतात. काही महिने बरे जातात आणि मग तक्रार सुरू होते, ‘चौथा पडत नाही’, ‘रेस जास्त, पळत नाही’, ‘ॲव्हरेज गेले’. जवळच्या मिस्त्रीचा हात मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसलेला असतो. ऑटोमॅटिकची पेटी त्याने क्वचितच उघडलेली असते. त्यामुळे ‘गिअरबॉक्स गेला’ हा निकाल लवकर लागतो आणि गाडीच्या किमतीएवढ्या खर्चाचा आकडा समोर येतो. माझे सांगणे एवढेच आहे की चौथा गिअर न पडणे आणि गिअरबॉक्स खराब होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच वेळा पेटी ठणठणीत असते आणि चौथा गिअर देण्यासाठी गाडीच्या संगणकाला जी माहिती लागते, ती त्याच्यापर्यंत चुकीची पोचत असते. म्हणून तपासणी स्वस्तापासून महागाकडे आणि बाहेरून आतकडे करायची.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. जुन्या चार-गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तिसरा गिअर बहुधा एकास एक असतो. इंजिनचा एक फेरा झाला की पेटीच्या बाहेर पडणाऱ्या दांड्याचाही एकच फेरा होतो. चौथ्यात, म्हणजेच ओव्हरड्राइव्हमध्ये, हे प्रमाण साधारण ०.७ असते, म्हणजे इंजिन ०.७ फेरा फिरले तरी तो दांडा एक पूर्ण फेरा फिरतो. त्यामुळे त्याच वेगाला इंजिन बरेच हळू फिरते. चौथ्यात शंभरच्या वेगाला ३००० आरपीएम असतील, तर तिसऱ्यात त्याच वेगाला ते ४३०० च्या आसपास जातात. समृद्धी महामार्गावर मेहकर किंवा सिंदखेडराजाला चढून तासनतास या रेसवर गाडी चालवली, तर पेट्रोल, आवाज आणि तेलाची उष्णता तिन्ही वाढतात. तेव्हा दोष सापडेपर्यंत लांबचा वेगवान प्रवास टाळा.

आपल्या गाडीत ओव्हरड्राइव्ह आहे का, हेही बघा. जुन्या झेन ऑटोमॅटिकला तीनच गिअर होते, तिच्यात चौथा शोधण्यात अर्थ नाही. होंडा सिटी झेडएक्समधली ऑटोमॅटिक सीव्हीटी जातीची, म्हणजे पट्टा आणि पुल्यांवर चालणारी. तिला ठरावीक गिअरच नाहीत. सेलेरिओपासून आलेल्या एजीएस गाड्या म्हणजे मॅन्युअल पेटीवर बसवलेले यंत्र, त्यांचे दुखणे वेगळे आणि तपासणीही वेगळी. हा लेख टॉर्क कन्व्हर्टरवाल्या चार-गिअरच्या गाड्यांसाठी आहे. जुनी सँट्रो ऑटोमॅटिक, १९९८ च्या पिढीतली होंडा सिटी ऑटोमॅटिक, जुनी कोरोला, एसएक्स४, ए-स्टार, ऑटोमॅटिक डिझायर, पहिल्या पिढीची अर्टिगा या त्यातल्या. यातल्या बहुतेक गाड्यांच्या गिअर लिव्हरवर ‘ओ/डी’ लिहिलेले छोटे बटण असते. जुन्या होंडात त्याऐवजी डी४ आणि डी३ अशा दोन जागा असतात.

आता चाचणी. ती घाटात करू नका. चढावर गाडीने तिसरा धरून ठेवणे हे तिचे कामच आहे. मोताळ्याहून मलकापूरकडे जाताना रहदारी कमी असलेला सपाट, सरळ पट्टा निवडा. गाडी आधी वीस-पंचवीस मिनिटे चालवून पूर्ण तापवा. शेजारी एक माणूस बसवा, त्याने फक्त आरपीएमच्या काट्याकडे पाहायचे. पाय हलका ठेवून सावकाश वेग वाढवा. पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे दोन वेळा काटा खाली येईल. मग साधारण ४५ ते ६५ च्या दरम्यान तिसऱ्यांदा यायला हवा. तोच चौथा. त्यानंतर वेग स्थिर धरला की थोड्या वेळाने काटा आणखी दोन-तीनशेने उतरतो. हा गिअर नव्हे. टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच बसला की हे होते, इंजिन आणि पेटी यांच्यात तेलाची घसरण तेव्हा उरत नाही.

पुष्कळ लोक इथेच गफलत करतात. लॉक-अपलाच चौथा समजतात, किंवा लॉक-अप न लागणे म्हणजे चौथा न पडणे असे धरतात. दोन्ही वेगळे करण्याची सोपी युक्ती आहे. रस्ता मोकळा असताना, मागे कोणी नाही हे पाहून, ८० च्या स्थिर वेगाला ब्रेकच्या पेडलला फक्त स्पर्श करा. दिवा लागेल, पण वेग कमी होणार नाही इतकाच. लॉक-अप लागलेला असेल तर काटा दोन-तीनशेने वर जाईल आणि पाय काढल्यावर पुन्हा उतरेल. मग ओ/डीचे बटण दाबा. चौथा पडलेला असेल तर गाडी तिसऱ्यावर येईल आणि काटा चांगलाच, २४०० वरून ३४०० कडे असा उडी मारेल. बटण दाबल्यावर काहीच फरक पडला नाही, तर चौथा बहुधा मुळात पडलेलाच नव्हता. या पाच मिनिटांच्या चाचणीतून जे कळते, ते पेटी उघडून बघण्याइतकेच मोलाचे आहे. वेग, आरपीएम, इंजिनचे तापमान आणि बटण चालू की बंद, हे सगळे कागदावर लिहून ठेवा.

चौथा पडत नाही हे पक्के झाले, की आधी मीटरकडे बघा. ‘ओ/डी ऑफ’चा पिवळा दिवा स्थिर लागला असेल, तर ओव्हरड्राइव्ह बंद केलेला आहे. कधी लहान मुलाचा हात लागतो, कधी कव्हर बसवताना बटण आत दबून राहते. बटण दाबूनही दिवा बदलत नसेल, तर लिव्हरच्या आतली बारीक वायर वाकून वाकून तुटलेली असू शकते, किंवा वरून सांडलेल्या चहाने बटण चिकटलेले असते. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे आहे, आणि थोडक्यात होते. तोच दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट निराळी. अनेक गाड्यांत याचा अर्थ गिअरबॉक्सच्या संगणकाने दोष नोंदवून ठेवला आहे असा होतो. होंडात डी४ चा दिवा असाच लुकलुकतो. ह्युंदाईसारख्या काही गाड्या दोष सापडला की पेटी वाचवण्यासाठी तिसऱ्यातच अडकून राहतात. उठतानाही तिसरा, पळतानाही तिसरा. चालवणाऱ्याला वाटते पेटी संपली, पण त्या वेळी ती स्वतःचा बचाव करत असते.

आता ज्या कारणाकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, त्याकडे येतो. घाटाखाली उन्हाळ्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. अशा दिवसांत गाडी एकदा तापली की मिस्त्री इंजिनमधला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकतो आणि फॅन डायरेक्ट करतो. ‘आता कधीच गरम होणार नाही’ असे सांगतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरे असते. पण ऑटोमॅटिक गाडीचा संगणक इंजिन तापण्याची वाट पाहत असतो. अनेक जुन्या गाड्यांत कूलंट साधारण ५५ ते ७० अंशांवर गेल्याशिवाय संगणक चौथा देत नाही, किंवा चौथा देतो पण लॉक-अप देत नाही. थंड इंजिन लवकर तापावे आणि त्याच्यावर ओझे येऊ नये, म्हणून ही योजना असते. थर्मोस्टॅट नसला की मोकळ्या रस्त्यावरच्या वाऱ्याने इंजिन त्या तापमानाला पोचतच नाही.

याची खूण आपल्या रस्त्यावर फार स्पष्ट दिसते. राजूर घाट चढून बुलढाण्यात शिरल्यावर गाडी चौथा घेते, कारण चढावर इंजिन तापलेले असते. तीच गाडी डिसेंबरच्या पहाटे मलकापूरच्या सपाट रस्त्यावर कितीही पळवली तरी तिसऱ्यात गुरगुरत राहते. असे होत असेल तर पेटीला हातही लावू नका. सकाळी थंड इंजिन चालू करून बॉनेट उघडा आणि फिरणाऱ्या पट्ट्यापासून, पंख्यापासून लांब राहून रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपाला हात लावा. थर्मोस्टॅट असेल तर पाइप काही मिनिटे थंडच राहतो आणि मग एकदम गरम होतो. नसेल किंवा उघडा अडकला असेल, तर पाइप पहिल्यापासूनच सावकाश कोमट होत जातो. कंपनीने सांगितलेल्या अंशांचा नवा थर्मोस्टॅट बसवा, फॅनची वायरिंग मूळ जोडणीवर आणा. त्याच वेळी गाडी आधी का तापत होती तेही शोधायला हवे. रेडिएटर चोंदला होता, झाकणाचे रबर गेले होते, की नुसते पाणी भरून चालवले जात होते? ते न शोधता थर्मोस्टॅट बसवला तर एप्रिलमध्ये गाडी पुन्हा तापेल. कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सरही खोटे बोलू शकतो, तो स्कॅनरवर तपासून घ्या.

उलट प्रकारही असतो. थंड असताना चौथा पडतो आणि तासाभराने गायब होतो. याचा अर्थ तेल गरम होऊन पातळ झाल्यावर आत कुठेतरी दाब टिकत नाही, तेल कमी आहे, किंवा एखाद्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवरच्या झडपेची, तारेची गुंडाळी तापल्यावर तुटल्यासारखी वागते. हे दुखणे पहिल्यापेक्षा गंभीर.

बाकीच्या बाहेरच्या गोष्टी भराभर पाहता येतात. ब्रेक सोडल्यावरही मागचे दिवे लागलेले राहत असतील, तर पेडलजवळचा स्विच अडकला आहे. संगणकाला वाटते ब्रेक दाबलेलाच आहे, आणि लॉक-अप लागत नाही. वेग दाखवणारा काटा थरथरत असेल किंवा मधेच शून्यावर येत असेल, तर स्पीड सेन्सर किंवा त्याचा कपलर बघा. वेग किती तेच कळत नसेल तर संगणक चौथा कसा देणार? लिव्हर डीवर असताना मीटरवर डीचा दिवा लागत नसेल, तर पेटीवरचा इनहिबिटर स्विच गंजला किंवा सरकला असेल. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांत हे दिसते. बॅटरी आणि पेटीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करणे हा तर बिनखर्चाचा उपाय. आणखी जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून पेटीपर्यंत एक केबल जाते. थ्रॉटल बॉडी साफ करताना तिचा ताण बदलला, तर सगळेच गिअर उशिरा पडू लागतात.

गॅसकिट असेल तर चाचणी आधी पेट्रोलवर करा. सीएनजीवर इंजिनची ताकद थोडी घटते, पाय जास्त दाबावा लागतो, आणि पाय जास्त दाबला म्हणजे चालकाला जोर हवा आहे असा अर्थ घेऊन संगणक तिसरा धरून ठेवतो. किट बसवताना थ्रॉटल सेन्सरच्या वायरीतून जोड घेतलेला असतो, तो सैल झाला तर संगणकाकडे जाणारी माहितीच उलटसुलट होते. पेट्रोलवर चौथा व्यवस्थित पडत असेल, तर गाडी पेटीवाल्याकडे नव्हे, किटवाल्याकडे न्या. मिसिंग करणाऱ्या, दम गेलेल्या इंजिनाचेही असेच. आधी प्लग, कॉइल आणि एअर फिल्टर.

मग येते तेल. हे नीट करा. बहुतेक गाड्यांत एटीएफची, म्हणजे ऑटोमॅटिक पेटीच्या तेलाची, पातळी गाडी सपाटीवर, पूर्ण तापलेली, इंजिन चालू आणि लिव्हर पीवर ठेवून बघतात. जुन्या होंडात मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचे असते. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, तेव्हा खालच्या बोल्टमधून पातळी पाहावी लागते. मॅन्युअलमध्ये जे लिहिले असेल ते प्रमाण. पांढऱ्या कागदावर थेंब टाका. लालसर आणि पारदर्शक असेल तर चांगले. तपकिरी असेल तर जुने झाले. काळे आणि जळका वास येत असेल, तर आतल्या क्लच प्लेटा जळल्या आहेत. गुलाबी दुधासारखे दिसत असेल तर रेडिएटरमधला तेल थंड करणारा कप्पा फुटून पाणी मिसळले आहे. अशी गाडी त्याच क्षणी बंद करा, कारण पाणी लागले की क्लच प्लेटांवरचे अस्तर सुटू लागते.

तेल कोणते घालायचे यावर तडजोड नको. जुन्या ह्युंदाईला एसपी-३, होंडाला डीडब्ल्यू-१, सुझुकीच्या या चार-गिअर पेट्यांना ३३१७ प्रतीचे. डब्यावर ही खूण असल्याशिवाय घेऊ नका. नव्वद नंबरचे गिअर ऑइल किंवा इंजिन ऑइल यात ओतले तर चांगली पेटीही बसते. खालचा बोल्ट काढल्यावर निम्म्याच्या आसपासच तेल बाहेर येते, उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून काळवंडलेले तेल असेल तर एकदा बदलून काही दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बदला, अशा दोन-तीन फेऱ्या कराव्यात. मशिनच्या दाबाने सगळे एकदम धुऊन काढणे मला जुन्या, दुर्लक्षित पेटीसाठी पटत नाही. तळाचा गाळ उठून बारीक वाटांमध्ये अडकण्याचा धोका असतो. तेलाचे चेंबर उतरवता येत असेल तर त्यातल्या चुंबकाकडे नीट बघा. बारीक करडा लगदा स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा प्लेटांचे काळे पापुद्रे दिसले, तर पेटी उघडावी लागणार हे मनात धरा.

स्कॅनरविषयी थोडेसे. भारतात गाड्यांवर ओबीडी, म्हणजे दोष नोंदवून ठेवणारी यंत्रणा, सक्तीचे झाले ते २०१० नंतर, आणि त्याचा दुसरा टप्पा २०१३ मध्ये आला. त्यामुळे त्याआधीच्या गाडीवर ऑनलाइन मिळणारा स्वस्त स्कॅनर चालेलच असे नाही. चालला तरी पुष्कळदा तो फक्त इंजिनचेच वाचतो. गिअरबॉक्स वाचू शकणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच जा. पी०७०० हा कोड दिसला तर गिअरबॉक्सच्या संगणकात आणखी काही नोंदले आहे, एवढाच त्याचा अर्थ. पी०७२० वेगाच्या सेन्सरचा. पी०७४० लॉक-अपचा. पी०७५० पासून पुढचे शिफ्ट सोलेनॉइडचे. पी०७३४ म्हणजे चौथा दिला, पण फेऱ्यांचे गणित जुळले नाही, म्हणजे आत घसरण आहे. सेन्सर, लॉक-अप आणि सोलेनॉइडचे प्रकार बरेचदा वायर, कपलर किंवा एखाद्या सुट्या भागाने सुटतात. पी०७३४ आणि जळके तेल एकत्र आले, तर मात्र सुट्या भागांवर पैसे घालवू नका. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या.

सोलेनॉइड म्हणजे तेलाची वाट उघडणारी-मिटवणारी विजेवरची झडप. मल्टिमीटरने तिचा रोध मोजता येतो. टोयोटासारख्या जुन्या गाड्यांतल्या साध्या चालू-बंद सोलेनॉइडला तो ११ ते १५ ओहम असतो. दाब नियंत्रित करणाऱ्यांना याहून बराच कमी. रोध बरोबर आला म्हणजे झडप ठीक, असे मात्र नाही. गाळाने ती अडकलेली असू शकते. बारा व्होल्ट दिल्यावर ‘टक’ असा स्पष्ट आवाज येतो का, तेही ऐका.

हे सगळे बरोबर निघाले तरच पेटीच्या आत जायचे, आणि तिथेही अंदाज बाहेरूनच बांधता येतो. चौथ्या गिअरचे भाग एकट्या चौथ्यासाठी नसतात. ह्युंदाईच्या नंतरच्या गाड्यांत आणि इतर अनेक चार-गिअर पेट्यांत एकच ब्रेक दुसऱ्यालाही धरतो आणि चौथ्यालाही, तर एक क्लच तिसरा आणि चौथा या दोघांसाठी असतो. म्हणून दुसराही घसरतो का, तिसरा पडताना रेस हवेत उडते का, हे बघा. जुन्या होंडाची पेटी वेगळ्या रचनेची आहे, तिच्यात चौथ्याचाच क्लच रिव्हर्सलाही वापरतात. त्यामुळे सिटीचा चौथा जात असेल आणि घराच्या उतारावर रिव्हर्सही ओढत नसेल, तर कारण बहुधा एकच. आणि बाकीचे सगळे गिअर घट्ट बसत असतील, फक्त चौथाच येत नसेल, तर विजेचा किंवा झडपेचा दोष असण्याची आशा धरायला हरकत नाही. काही जण अशा वेळी स्टॉल टेस्ट करतात. ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची ही चाचणी पहिला गिअर आणि कन्व्हर्टर तपासते, चौथ्याबद्दल ती काही सांगत नाही. घरी तर ती करूच नका, काही सेकंदांत तेल उकळायच्या बेताला येते.

दोष सापडेपर्यंत गाडी वापरावी लागली तर? चौथा येत नाही पण घसरणही नाही, अशी गाडी साठ-सत्तरच्या वेगाने चालवायला हरकत नाही. घाट चढताना ओ/डी मुद्दाम बंदच ठेवा. चढावर तिसरा-चौथा, तिसरा-चौथा असे होत राहिले की पेटीचे तेल झपाट्याने तापते. उतरतानाही बंद ठेवा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. हा नियम निरोगी गाडीलाही लागू आहे. रेस वाढते पण गाडी पुढे सरकत नाही, अशी अवस्था आली तर तिथेच थांबा. आणि ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून दुसऱ्या गाडीमागे ओढत नेऊ नका. इंजिन बंद असले की आतला पंप बंद असतो, चाके फिरतात पण पेटीला तेल मिळत नाही. धक्का मारून ती चालूही होत नाही. या गाड्यांची पुढची चाके ओढणारी असतात, ती उचलून न्या, किंवा गाडी सपाट ट्रकवर चढवा.

शेवटी गाडी छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरच्या ऑटोमॅटिक पेटीच्या कारागिराकडे न्यावी लागली, तर सोबत तुमचा तो कागद न्या. कोणत्या वेगाला काय झाले, थंड असताना की गरम, ओ/डी बटणाने काय फरक पडला, कोणता कोड आला, तेल कधी आणि कोणते घातले. पेटी उघडायच्या आधी तेलाचा दाब मोजणार का, हे विचारा. चांगला कारागीर मोजतो. उघडल्यावर जळालेल्या प्लेटा आणि जुने सील तुम्हाला दाखवायला सांगा. सगळ्या पेटीचा भाव घेण्याआधी, फक्त व्हॉल्व्ह बॉडी किंवा सोलेनॉइडने काम भागते का, याचे उत्तर लेखी घ्या. कोणत्या कामाची किती दिवसांची हमी, तेही बिलावर लिहून घ्या. पेटी दुरुस्त झाली, तर तेल थंड करणारा पाइप आणि कूलर धुतला का, हे विचारायला विसरू नका, कारण जुन्या प्लेटांचा कचरा तिथेच बसलेला असतो आणि पहिल्याच लांबच्या फेरीत तो नव्या पेटीत परत येतो.